मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नाही. सातवीनंतरची शाळा पलीकडच्या गावी होती, म्हणून माझे शिक्षण तेथेच थांबले. मंडळात आजवर मी हळदीकुंकवाच्या वेळी सतरंज्या घालणे आणि पन्हे करणे एवढेच काम केले आहे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दवाखान्याच्या इतक्या खेपा केल्यात, तेथे काय पाहिलेत ते आपल्या बायकांना सांगा. पुस्तकातले सांगायला पुष्कळ आहेत." त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

माझा विषय डोळ्यांचा आहे. प्रथम माझ्या आईची हकीकत सांगते, कारण तिच्यापासूनच सर्व सुरू होते.

माझे माहेर जत तालुक्यातले. आई पन्नाशीला आली तेव्हा ती चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेई, डोक्यावरची घागर भिंतीला लागे. आम्ही हसत असू. "आई, तुझे लक्ष कुठे असते?" असे म्हणत असू. समोरचे तिला दिसत होते. सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण तो वयामुळे, असे आम्ही धरून चाललो. बाजारच्या दिवशी एक चष्मेवाला येत असे. त्याने तिच्या डोळ्यांत पाहून सांगितले, "मोतीबिंदू धरलाय. अजून कच्चा आहे. पिकू द्या, मग काढा." घरात सर्वांना ते पटले. आंबा पिकल्याशिवाय उतरवत नाहीत, तसेच हे असेल असे वाटले. कोणी मध घालायला सांगितला, कोणी एरंडेल. ते घातले, आणि तीन वर्षे आम्ही पिकायची वाट पाहिली.

२००९ साली दादाने तिला मिरजेला दाखवले. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे औषध घालून बराच वेळ आत पाहिले. मग दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "मोतीबिंदू आहे, तो काढताही येईल. पण यांना काचबिंदूही होता. मागची नस सुकली आहे. मोतीबिंदू काढला तरी उपयोग होणार नाही." एका डोळ्याने तिला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते, दुसऱ्या डोळ्याने नळीतून पाहावे तेवढेच दिसत होते, आणि तेही पुढे गेले. माझ्या धाकट्या मुलाचे तोंड तिने हातानेच पाहिले. २०१६ साली ती वारली. त्या चष्मेवाल्याला मी दोष देत नाही. त्याचे ज्ञान तेवढेच होते, आणि आम्हीही त्याच्या पुढे जाऊन कोणाला विचारले नाही.

काचबिंदू म्हणजे काय, हे तेव्हा मला समजले नव्हते. ते पुढे सासूबाईंच्या वेळी समजले. आता ती हकीकत सांगते.

आपल्या तासगावकडे बेदाण्याचे काम घराघरांत चालते. आमचीही थोडी बाग आहे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. बेदाणा निवडण्यात त्यांचा हात धरणारी बाई गल्लीत नव्हती. हिरवा एकीकडे, पिवळा एकीकडे, काडी आणि काळा दाणा बाहेर. २०२३ च्या एप्रिलमध्ये यजमान व्यापाऱ्याकडे माल घेऊन गेले तर त्याने पोत्यात हात घालून विचारले, "यंदा दोन्ही एकत्र का केलेत?" घरी येऊन आम्ही ढीग पाहिले. हिरवा आणि पिवळा एकमेकांत मिसळलेला, काड्याही तशाच. यजमानांना राग आला. आत्याबाई गप्प बसून राहिल्या. रात्री भांडी आवरताना मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा म्हणाल्या, "मला समदं पिवळंच दिसतंय गं. वरीस झालं. छाटणीचे दिस, औषधाचा खर्च, त्यात माझं कशाला? पिकल्यावर बघू."

"पिकल्यावर बघू" हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. मी यजमानांना म्हटले, "बाकी काही करू नका, परवा मिरजेला गाडी काढा."

आम्ही एका खाजगी नेत्ररुग्णालयात गेलो. पहिल्या दिवशी नुसत्या तपासण्या झाल्या. भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली. डोळ्यांतील दाब मोजला. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा आणि नस पाहिली. या थेंबांनंतर काही तास जवळचे नीट दिसत नाही, उजेड सहन होत नाही. म्हणून एकटीने जाऊ नये, सोबत कोणी असावे. रक्तातील साखर आणि रक्तदाब पाहिला. डोळ्याच्या कोपऱ्यातून औषधी पाणी सोडले आणि ते घशात उतरते का हे विचारले. तो मार्ग तुंबलेला असेल तर आधी त्यावर उपचार करतात, नाहीतर तेथील पू शस्त्रक्रियेच्या जखमेत जाण्याचे भय असते. शेवटी यंत्राने डोळ्याची लांबी मोजली, कारण आत बसवायच्या भिंगाचा नंबर त्यावरून ठरतो. प्रत्येकीचा नंबर निराळा. शेजारणीचा चष्मा जसा आपल्याला चालत नाही, तसेच हे आहे.

डॉक्टर वयस्क होते आणि मी विचारीन त्याचे उत्तर देत होते. मी म्हटले, "पिकायला हवा ना?" ते हसून म्हणाले, "बाई, ती जुन्या काळची गोष्ट. पूर्वी भिंग अखंड बाहेर काढीत, म्हणून ते कडक होईपर्यंत थांबत. आता रोजच्या कामात अडू लागले की काढायचे. फार पिकला तर उलट तो दगडासारखा होतो, शस्त्रक्रिया अवघड होते. कधी आत फुगून डोळ्याचा दाब वाढतो आणि डोळाच धोक्यात येतो."

मग मी आईची गोष्ट सांगितली आणि काचबिंदू म्हणजे काय ते विचारले. त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या लहानपणी कंदील असे. कंदिलाची काच काजळली तर ती काढून स्वच्छ करता येते, प्रकाश पुन्हा पडतो. मोतीबिंदू म्हणजे ती काजळलेली काच. बाहुलीच्या मागे आपले स्वतःचे एक भिंग असते, तेच गढूळ होते. ते काढून नवे घालता येते. परंतु वातच जळून गेली, तर काच कितीही पुसली तरी उजेड येत नाही. काचबिंदूत वात जळते. डोळ्यात एक पाणी सतत तयार होत असते आणि बारीक वाटेने निघून जात असते. ती वाट तुंबू लागली, म्हणजे आपली मोरी तुंबावी तसे होते, आणि आतला दाब वाढून मेंदूकडे जाणारी नस सुकते. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही. प्रथम बाजूचे दिसेनासे होते, समोरचे शेवटपर्यंत दिसते. म्हणून आपल्याला कळत नाही. जे गेले ते कोणत्याही औषधाने, कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. जे उरले आहे तेवढे मात्र राखता येते.

भगिनींनो, आई चौकटीला का आपटत होती हे मला तेव्हा, इतक्या वर्षांनी, त्या खुर्चीवर बसून समजले.

आत्याबाईंना काचबिंदू नव्हता, नुसता मोतीबिंदू होता. ऐकून मी देवाला हात जोडले.

पुढे खर्चाची बोलणी झाली. तेथे एक मुलगी भिंगांचे तक्ते घेऊन बसली होती. साधे भिंग, तिरप्या नंबरासाठीचे भिंग, दूर आणि जवळ दोन्हीचे भिंग, असे प्रकार आणि त्यांच्या चढत्या किमती. तिचा भर महागावर होता. यजमान गोंधळले. मी उठून पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि विचारले, "आमच्या आत्याबाईंना बेदाणा निवडायचा आहे, देवळात जायचे आहे आणि पोथी वाचायची आहे. त्यांना कोणते लागेल?" ते म्हणाले, "साधे पुरे. दूरचे चष्म्यावाचून दिसेल, जवळच्या कामाला स्वस्त चष्मा लावावा लागेल." महाग भिंग घेतले म्हणजे शस्त्रक्रिया अधिक चांगली होते असे नाही. ज्याला चष्मा अजिबात नको असेल आणि पैसा असेल त्याने ते जरूर घ्यावे. परंतु विचारल्याशिवाय आणि कर्ज काढून घेऊ नये.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनीही दृष्टी घालवू नये. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, भिंगही बसवतात. शिवाय आपल्या राज्यात जी खाजगी रुग्णालये धर्मादाय न्यासाची आहेत, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथे विचारावे. विचारण्यात लाज कसली?

शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात डोळा कापतात का? थंडीत करा." डॉक्टरांनी सांगितले, जंतुरहित खोलीत ऋतूचा प्रश्न येत नाही. आत्याबाईंची भीती निराळीच होती. त्यांना कोणीतरी सांगितले होते की, डोळा बाहेर काढून गालावर ठेवतात आणि साफ करून परत बसवतात. तसे काही नसते. डोळा जागेवरच असतो. त्यांना बधिर करणारे थेंब घातले, सुईसुद्धा टोचली नाही. सुमारे तीन मिलिमीटरची चीर घेतात; म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढी. त्यातून एक बारीक नळी आत घालून ध्वनीच्या कंपनांनी गढूळ भिंगाचा भुगा करतात आणि तो ओढून घेतात. मग त्याच चिरेतून घडी घातलेले नवे भिंग आत सोडतात, ते आत उलगडते. टाका नाही. वीस मिनिटांत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रंगीबेरंगी उजेड दिसला, दुखलं काय न्हाई." मोतीबिंदू फार कडक असेल तर थोडी मोठी चीर घेऊन भुगा न करता काढतात. तीही चांगली पद्धत आहे आणि खर्चही कमी येतो. शिबिरांतून बहुधा तशीच करतात.

ही विद्या कशी निघाली तेही डॉक्टरांनी सांगितले, आणि मला त्याचे फार नवल वाटले. महायुद्धात विमानाच्या खिडकीचे प्लॅस्टिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत राहून गेले होते. लंडनचे डॉक्टर हॅरोल्ड रिडले यांनी पाहिले की, ते तुकडे डोळ्यात निमूट राहतात, त्रास देत नाहीत. त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून १९४९ साली प्रथम डोळ्यात बसवले. कंपनांनी भुगा करण्याची युक्ती अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना सुचली आणि १९६७ साली त्यांनी ती पद्धत जगापुढे मांडली. आमच्या आजेसासूबाईंचा मोतीबिंदू काढला तेव्हा आत भिंग बसवले नव्हते. त्यांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा जन्मभर वापरावा लागला, असे आत्याबाई सांगतात. एका पिढीत किती फरक पडला पाहा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी आल्यावर आत्याबाई सरळ माडीवर गेल्या, डब्यातील मूठभर बेदाणा उजेडात धरला आणि ओरडल्या, "आगं, ह्यो हिरवा हाय की!" यजमान खालीच उभे होते. एप्रिलमध्ये रागावलो होतो, हे त्यांना आठवले असावे. ते काही न बोलता बाहेर गेले आणि येताना आईसाठी जिलबी घेऊन आले.

घरची शुश्रूषा आपल्याच हाती असते, म्हणून ते नीट सांगते. थेंब सुमारे महिना-दीड महिना, दिलेल्या कागदाप्रमाणे घालायचे. घालण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे, बाटलीचे टोक डोळ्याला लावायचे नाही, दोन औषधांत पाच मिनिटे थांबायचे. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, जड उचलायचे नाही, चुलीच्या धुरापाशी बसायचे नाही. रात्री झोपताना डोळ्यावर झाकणी. एकाएकी दुखू लागले, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि बसवलेल्या भिंगाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मिळते, ती कागदपत्रांबरोबर जपून ठेवायची. दुसरा डोळा आम्ही महिन्याने केला.

पुढे दीड वर्षाने एका डोळ्याला पुन्हा धूसर दिसू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू परत आला." तो परत येत नाही. भिंगामागची पातळ पिशवी काहींची गढूळ होते. यंत्रापुढे बसवून लेसर किरणांनी तिला पाच मिनिटांत खिडकी पाडली आणि संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही घरी आलो.

या खेपांत इतरही पुष्कळ पाहिले, थोडक्यात सांगते. मधुमेह असणाऱ्यांचा डोळ्याचा पडदा आतून खराब होतो. दिसते आहे तोवर काही कळत नाही. त्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा. वेळेवर गेल्यास लेसरने वा डोळ्यातील इंजेक्शनाने आवरता येते. उन्हातान्हात, धुळीत काम करणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाकडून मांस चढते. ते बाहुलीपर्यंत येण्यापूर्वी काढतात. मुलाचा डोळा तिरळा असेल तर ते भाग्याचे लक्षण समजून बसू नये. तो डोळा आळशी होतो आणि मेंदू त्याला विसरतो. शाळेत घालण्यापूर्वीच दाखवावे. आपल्या मुलींना लग्नापूर्वी चष्मा घालवायची घाई असते. लेसरने नंबर घालवता येतो, पण वय अठरा पूर्ण हवे, नंबर वर्षभर तरी स्थिर हवा आणि बुबुळाची जाडी पुरेशी हवी. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट धरू नये.

आता शेवटचे सांगते. हे सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

पहिल्याच दिवशी आईची गोष्ट ऐकून डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः तपासून घेतले आहे का? काचबिंदू असणाऱ्याच्या मुलांना आणि भावंडांना त्याचा धोका इतरांहून जास्त." मी म्हटले, "मला काही होत नाही, मी सोबत आले आहे." त्यांनी ऐकले नाही. डोळ्यांतील दाब साधारण दहा ते एकवीस असावा. माझा एकोणतीस आणि सत्तावीस निघाला. मग एका यंत्रात तोंड घालून बसवले. बारीक ठिपके चमकतील तसे बटण दाबायचे. उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूचे काही ठिपके मला दिसलेच नाहीत. ते चमकले हेदेखील मला कळले नाही. मी रोज तांदूळ निवडत होते, सुई ओवत होते, आणि माझी वात एका कडेने जळू लागली होती.

त्या दिवसापासून मी रोज रात्री थेंब घालते. ते जन्मभर घालावे लागतील. दर चार महिन्यांनी दाब पाहून घेते. तो आता सोळा-सतरा असतो. थेंबांनी भागले नाही तर लेसर किंवा शस्त्रक्रिया करून पाण्याला वाट करून देतात. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही. गेलेले ठिपके परत येणार नाहीत, पण नवे गेलेले नाहीत. दादालाही मी ओढून नेले. त्याचे डोळे ठीक आहेत. तो वर्षातून एकदा दाखवतो.

आपण बायका घरातील सर्वांना दवाखान्यात नेतो. मुलाला नेतो, सासऱ्यांना नेतो, आणि बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसतो. मी त्या बाकावरून उठले नसते, तर दहा वर्षांनी मीही चौकटीला आपटत असते, आणि मुले म्हणाली असती, "आई, तुझे लक्ष कुठे असते?"

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने एकदा तरी डोळ्यांतील दाब आणि मागची नस दोन्ही पाहून घ्यावी. नुसता दाब पुरत नाही, कारण काहींचा दाब ठीक असूनही नस सुकते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी चाळिशीचीही वाट पाहू नये. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने थेंब आणून महिनेन् महिने घालू नयेत. त्यांतील काहींनी दाब वाढतो. आणि घरात कोणी म्हातारे माणूस "पिकल्यावर बघू" म्हणाले, तर त्यांचे ऐकू नये.

मंडळाने पुढील वर्धापनदिनी गाण्याच्या कार्यक्रमाबरोबर डोळ्यांची तपासणीही ठेवावी, अशी सूचना मी करते. सतरंज्या घालायला मी आहेच.